सुताराच्या पोरा, गोंधळाला ये

तुळजापुरात मला खोली मिळाली ती माझ्या उंचीमुळे. मालकांनी मला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं, चौकटीवरची खडूची जुनी खूण आणि माझं डोकं यांत फारसं अंतर नाही हे पाहिलं आणि म्हणाले, "ऱ्हावा." माझी मास्तरकीची नोकरी, जात, लग्न यांतलं काहीही त्यांनी विचारलं नाही. जात न विचारणारा घरमालक मला त्याआधी भेटला नव्हता, त्यामुळे मी थोडा घाबरलोच. ती खूण कसली हे पुढे महिन्याभरानं कळलं. अवकाशात सर्वांत आधी गेलेला माणूस बुटका होता, आणि ती त्याची उंची होती. उंच माणूस यानात मावत नाही, आणि जो यानात मावत नाही तो आमच्या माडीवरच्या खोलीत कसा मावंल, असं मालकांचं म्हणणं होतं. खोलीवर पत्रे होते आणि एक आडवी तुळई नेमकी कपाळाच्या पातळीवर होती, त्यामुळे हे म्हणणं खोडून काढता येण्यासारखं नव्हतं.

मालक गोंधळी होते. लग्न झालं की देवीचा गोंधळ घालायचा ही रीत, आणि कुठल्या घरचा गोंधळ कोणी घालायचा हेही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. मालकांची घरं काक्रंबा, तामलवाडी, पार अणदूरपर्यंत पसरलेली होती. अंगात पायघोळ झगा, गळ्यात कवड्यांची माळ, कमरेला संबळ. बाजूला तुणतुणं, झांज आणि तेलाची दिवटी सांभाळणारा दत्तू नावाचा चुलतभाऊ, ज्याचं काम मध्येमध्ये बावळट प्रश्न विचारायचं. हे काम तो गोंधळ नसतानाही करत असे.

गोंधळाच्या सुरुवातीला गोंधळी सगळ्या देवांना त्यांच्या गावांची नावं घेऊन बोलावतो. तुळजापूरची भवानी, जेजुरीचा खंडोबा, माहूरची रेणुका, मग यजमानांच्या गावचा मारुती, म्हसोबा, कोणी राहू नये म्हणून सगळे. मालक हे सगळे देव बोलावून झाले की संबळावर एक थाप जास्त मारत आणि म्हणत, "रशियाच्या सुताराच्या पोरा, गोंधळाला ये." त्याचं खरं नाव त्यांना येत नव्हतं असं नाही. पण ते संबळाच्या ठेक्यात बसत नव्हतं. बाप सुतार होता, हे बसत होतं.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी मांडवात बुंदी खात होतो. शेजारच्या माणसाला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "त्यांचा पाव्हना हाय. येतो दर वेळी." आणि त्यानं माझ्या पानावरची भजी उचलली.

हा पाहुणा त्यांना सापडला तो सोलापुरात. एके काळी रशियाहून गुळगुळीत कागदाची, चित्रांची पुस्तकं मराठीत होऊन यायची आणि फार स्वस्त मिळायची. बहुतेक लोक ती शाळेच्या वह्यांना कव्हर घालायला घेत. मालकांनी एक वाचलं. तेव्हा ते सतरा-अठरा वर्षांचे होते आणि वडिलांबरोबर संबळ वाजवत होते. गोंधळाच्या उत्तरार्धात आख्यान लागतं, एखाद्या वीराची गोष्ट. वडिलांची आख्यानं ठरलेली होती आणि लोकांना पाठ झाली होती. मालकांनी सुताराच्या पोराचं आख्यान रचलं. वडिलांनी ऐकून घेतलं आणि एकच शंका काढली, की हा शेवटी घरी येतो का? येतो म्हटल्यावर परवानगी मिळाली. लग्नघरी मेलेल्या वीराचं आख्यान चालत नाही.

ते आख्यान मी किती वेळा ऐकलं याचा हिशोब नाही. अवकाशशास्त्राच्या दृष्टीनं त्यात बरंच काही आक्षेपार्ह होतं. पोराच्या लहानपणी गावात जर्मन घुसतात आणि घरातल्यांना हाकलून देतात. मालकांचे जर्मन उर्दूत बोलत आणि हुबेहूब रझाकारांसारखे वागत. पोराच्या घरचे जमिनीत खड्डा करून राहतात, पोरगा भट्टीवर लोखंड ओतायचं काम शिकतो, मग विमान शिकतो. मग मोठे साहेब सगळ्या गावांतून माणसं गोळा करतात आणि त्यांना गरागरा फिरवून बघतात की कोण ओकत नाही. उड्डाणाच्या दिवशी सगळे साहेब कापत असतात, पोरगा तेवढा हसत असतो. तो म्हणतो "चला", आणि इथं दत्तू झांज दोनदा वाजवी. मालक सांगत, "यस्टीची डबल बेल झाली."

वर गेल्यावर तो पृथ्वीला एक प्रदक्षिणा घालतो. इथं दत्तूचा ठरलेला प्रश्न यायचा: "वर देव दिसला का हो त्याला?" मालक संबळ थांबवत. "येड्या, देवांना आत्ताच आपण हितं बोलावलंय. मग वर कसे दिसतील?" या प्रश्नावर जगातल्या दोन महासत्तांनी बरीच शाई खर्च केली आहे. इतकं तर्कशुद्ध उत्तर माझ्या वाचनात नाही.

पण मालकांचा जीव होता तो उतरण्यात. पोरगा छत्री धरून उतरतो तो थेट एका शेतात. तिथं एक म्हातारी आणि तिची नात काम करत असतात. पुस्तकात बटाटे होते, मालकांनी कांदे केले होते. त्याचा पोशाख नारिंगी, म्हणजे मालकांच्या हिशोबानं भगवा. म्हातारीला वाटतं आभाळातून गोसावी आला. ती नातीला मागं ओढते. आणि जो आत्ताच जगाला प्रदक्षिणा घालून आलाय तो म्हणतो, "भिऊ नको माय. म्या हितलाच हाय. फोन कुठं मिळंल?"

बायका इथं हसत आणि डोळे पुसत. मालक त्यांना दोन्हीसाठी वेळ देत.

यातूनच त्यांचं एक वचन तयार झालं होतं: वर जाणं सोपं हाय, खाली येऊन वळख द्यावी लागती तिथं कस लागतो. हे ते कोणालाही लावत. निवडून आल्यावर न फिरकलेल्या सभापतींना, पुण्याला नोकरी लागल्यावर मराठवाडी बोलणं सोडलेल्या भाच्याला, आणि एकदा पत्र्यावर चढलेल्या मांजराला.

तरुणपणी त्यांनी स्वतःही तयारी करून पाहिली होती. नवरात्राच्या यात्रेत मोठा पाळणा येतो. त्यात बसून ते उतरलेच नाहीत. पाळणेवाला ओळखीचा होता, त्यानं फिरवत ठेवलं. ज्याअर्थी पोरगा टिकला त्याअर्थी आपण किती टिकतो हे त्यांना बघायचं होतं. निकाल खालच्या भेळवाल्याच्या अंगावर पडला. त्यानंतर त्यांनी स्वतः वर जाण्याचा विचार सोडला आणि जो गेलाय त्याला खाली बोलावण्यावर लक्ष दिलं.

कधी संध्याकाळी ओट्यावर बसले की म्हणत, "म्हातारा झाला असंल आता. गुडघे दुखत असतील. उडी मारली हुती न्हवं." मी हो म्हणत असे. आख्यानातला वीर मरत नाही, गाणारा त्याच्याबद्दल वर्तमानकाळातच बोलतो, हा लोककलेतला संकेत मला माहीत होता. त्यावर मी एकदा एक निबंधही वाचला होता. मालकांना असा काही संकेत माहीत नव्हता, हे त्या निबंधात नव्हतं.

चांद्रयान चंद्रावर उतरलं त्या वर्षी आमच्या भागात, ज्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता अशा पुष्कळ लोकांचे सत्कार झाले. मार्गशीर्षात एका शिक्षणसंस्थेनं 'अवकाश महोत्सव' भरवला. व्यासपीठावरच्या फलकावर चंद्र होता, पण तो संस्थेच्या अध्यक्षांच्या उजव्या कानामागे होता. पाहुणे पुण्याहून आलेले, विज्ञानाचा प्रसार करणारे. स्वागतगीत झालं, दीपप्रज्वलन झालं, वारा असल्यामुळे ते तीनदा झालं. मग सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून मालकांचं आख्यान झालं. अध्यक्षांना चहा हवा होता म्हणून ते जर्मन घुसले तिथंच तोडलं. आणि पाहुणे बोलायला उठले. त्यांनी लोककलेचं कौतुक केलं आणि म्हणाले, या महान अंतराळवीराचं तरुणपणीच, विमान अपघातात दुर्दैवी निधन झालं, हेही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावं.

विद्यार्थ्यांनी काही लक्षात ठेवलं नाही. मालक व्यासपीठाच्या कडेला शाल आणि नारळ घेऊन उभे होते. त्यांनी नारळ खाली ठेवला.

घरी येताना मंदिराच्या महाद्वारापाशी त्यांनी मला विचारलं, "सर, त्यो साहेब म्हणला ते खरं हाय?"

मी म्हटलं, खरं आहे.

"कवा?"

"झाली पुष्कळ वर्षं. तुम्ही तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचे असाल."

त्यांनी मान हलवली. त्यांचं पुस्तक त्याआधी छापलेलं होतं. म्हणजे ते वाचत होते तेव्हाच तो नव्हता. घरी आल्यावर ते न्हाणीत गेले, डोक्यावरून पाणी घेतलं आणि बायकोला सांगितलं, सुतक आहे.

काकूंनी विचारलं, कोण गेलं? त्यांनी सांगितलं. काकूंना राग आला की हसू, हे मला माडीवरून नीट कळलं नाही. "तुमच्या बापाचं तरी एवढं धरलं हुतं का? तेराव्याच्या आत सुपारी घेतली हुती तुमी. कोन लागत हुता त्यो तुमचा?"

मालक म्हणाले, "पन्नास वर्सं बोलावतोय. एकदाबी येत न्हाय म्हणला न्हाय. सख्ख्या भावाचं सांग मला असं."

मालकांचा सख्खा भाऊ लातूरला असतो आणि बोलावलं की येत नाही म्हणतो. काकूंनी त्या दिवसापासून भाजीला फोडणी दिली नाही. भटजींना विचारलं तर ते म्हणाले, वर्ष उलटून गेल्यावर बातमी आली तर नुसतं स्नान पुरतं. मालकांनी ते ऐकून घेतलं. कळायला उशीर झाला यात मेलेल्याचा काय दोष, असं म्हणून त्यांनी पुरे दहा दिवस पाळले. लग्नसराई होती. सुतकात गोंधळ घालता येत नाही. सुपाऱ्या दुसऱ्या गोंधळ्यांकडे गेल्या.

तोवर पाहुण्यांच्या भाषणाचा तुकडा लोकांच्या मोबाईलवर फिरला होता. मग गावोगावचे यजमान विचार करू लागले. अपघातात गेलेला, तरणाताठा, परमुलखात मेलेला, ज्याची क्रिया कोणी कशी केली ठाऊक नाही, असा माणूस आपल्या लग्नात नाव घेऊन बोलावला गेला. देवांना गोंधळानंतर उठवून परत पाठवतात. ह्याला कोणी पाठवलं? काक्रंब्याच्या एकाला आपली बोअर का आटली ते समजलं. एकाला जावई समजला. एका घरी गेल्या वीस वर्षांत वाईट असं काहीच घडलं नव्हतं. तेही येऊन ओट्यावर बसले, की पुढंमागं घडलं तर.

मालक सगळ्यांना चहा देत. ते बोअरविषयी सहानुभूती दाखवत. पण तो कोणाला धरून बसणारा नव्हता, एवढंच पुन्हा पुन्हा सांगत.

मग तामलवाडीचे अण्णा आले. तामलवाडीतली अख्खी भावकी मालकांच्या गोंधळाची, आणि भावकीत अण्णांचा शब्द चालायचा. अण्णा कधी आवाज चढवून बोलत नसत, त्यामुळे लोक त्यांना भीत. त्यांच्या थोरल्या मुलाचं, संतोषचं लग्न झालं तेव्हा गोंधळ मालकांनीच घातला होता. त्याची बायको सुनीता दोन वर्षांत माहेरी निघून गेली आणि परत आली नाही. आता धाकट्याचं लग्न ठरलं होतं. अण्णांनी चहा अर्धा ठेवला आणि सांगितलं: तुमचा पाहुणा आमच्या घरात राहिलाय. त्याच्यापायी सून गेली. घरी या, चार लोकांदेखत त्याला बाहेर काढा, आणि चुकून बोलावला होता असं म्हणा. मग धाकट्याचा गोंधळ तुमचा. नाहीतर भावकी दुसरा गोंधळी बघेल.

अण्णा गेल्यावर मालकांनी मला विचारलं, सर, काय करावं? मी त्यांना समजावून सांगितलं की भूतबाधा ही लोकमानसाची एक सोय असते, दोष बाहेरच्यावर टाकता आला की घर टिकतं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "ते झालं. पण बोलावलेल्या पाव्हन्याला हाकलायचं कसं? आमच्या धंद्यात देव उठवायचं शिकवलंय. हाकलायचं न्हाय शिकवलं." काकूंचं म्हणणं सरळ होतं. मेलेल्याला काय वाटणार आहे? तामलवाडी गेली तर सगळीच घरं जातील, आणि आजोबा-पणजोबापासूनचा संबळ खुंटीला लागेल. मालक रात्रभर खोकत होते. सकाळी म्हणाले, जाऊ.

दत्तूला नेमका त्या दिवशी ताप आला. त्याला मेलेल्या माणसाची भीती वाटत होती आणि ताप त्यामानानं प्रतिष्ठेचा होता. मग दिवटी कोण धरणार? अशा रीतीनं, देव आणि भुतं या दोन्हींवर विश्वास नसलेला मी तामलवाडीला गोंधळ्याचा साथीदार म्हणून गेलो.

अण्णांनी दिवस मावळायच्या आत सगळं उरकायला सांगितलं होतं. गोंधळ एरवी रात्रीचा. त्या उन्हात दिवटीचा उजेड दिसत नव्हता, नुसतं तेल जळत होतं आणि माझ्या मनगटावर ठिबकत होतं. अंगणात भावकी बसलेली. दाराशी बाजेवर अण्णांची आई, आक्का. आक्कांना ऐकू येत नाही असं घरात सगळे धरून चालत. संतोष भिंतीला टेकून मोबाईल बघत उभा होता.

मालकांनी देव बोलावले. मग जास्तीची थाप मारली आणि पोराला बोलावलं. माणसं जरा सावरून बसली. काढायचा तर आधी आलेला हवा, एवढं त्यांनाही पटत होतं. मालकांनी आख्यान सुरू केलं. जर्मन आले, भट्टी आली, प्रदक्षिणा झाली. देव दिसला का हे विचारायला दत्तू नव्हता, म्हणून तो प्रश्न राहिला. पोरगा कांद्याच्या शेतात उतरला, फोन मागितला. पूर्वी आख्यान इथं संपायचं. मालक थांबले नाहीत. सुतकात त्यांनी मला खोदून विचारून पुढचं रचलं होतं. जगभर हारतुरे झाले, राजेराण्यांबरोबर जेवणं झाली, आणि त्याला पुन्हा वर जाऊ देईनात, कारण आता तो फार मोलाचा झाला होता. त्याला खुर्चीत बसवलं. त्याचा जीव खुर्चीत रमेना. तो विमान घेऊन उडाला. आणि पडला.

संबळ बंद झाला.

"आन् त्याची आई?" आक्कांनी विचारलं.

सगळ्यांनी बाजेकडे पाहिलं. मालक म्हणाले, "हुती माय. मागं लई वर्सं जगली."

अण्णा म्हणाले, "पुढचं घ्या. काढा त्याला. चुकून बोलावला म्हणा."

मालकांनी संबळावर हात ठेवला. मग ते हळू म्हणाले, "अण्णा, चुकून न्हवता बोलावला."

"मग संपलं," अण्णा म्हणाले आणि उठू लागले.

"बस खाली," आक्का म्हणाल्या. "सुनीता त्या पोरापायी न्हाय गेली. तुझ्या ल्योकाच्या हातापायी गेली."

"आई, तुला काय कळतंय..."

"भित्तीच्या अलीकडं म्या झोपते, अण्णा. समद्या गल्लीला ऐकू येत हुतं. तुलाबी येत हुतं. म्हणून तर मला बहिरी केलंत." त्यांनी संतोषकडे पाहिलंही नाही. "दोन वर्सं त्या पोरीनं मार खाल्ला, आन् आता त्ये परमुलखातलं मेलेलं लेकरू धरलंय व्हय रे? त्यानं काय केलं? आला, शेतात उतरला, म्हातारीला भिऊ नको म्हणला. तुमच्यातलं कुनी म्हणलं का सुनीताला, भिऊ नको म्हणून?"

संतोष मोबाईल खिशात घालून गोठ्याकडे गेला. त्याला कोणी थांबवलं नाही. भावकीतल्या एकानं घसा खाकरला आणि मग तो मुद्दाम खाकरल्यासारखा वाटू नये म्हणून पुन्हा खाकरला. अण्णा देवीपुढे मांडलेल्या चौकावरच्या तांदळाकडे बघत राहिले. मी दिवटी या हातातून त्या हातात घेतली.

मालक संबळाची दोरी सोडू लागले तेव्हा अण्णा खाली बघतच म्हणाले, "धाकट्याच्या लग्नाला तुमीच या."

मालकांचे हात दोरीवर थांबले. "आन् पोराला?"

अण्णांनी आईकडे पाहिलं. आक्का बाजेवर आडव्या होत होत्या. त्यांनी पाय वर घेतले आणि लुगडं सारखं केलं.

"बोलवा त्यालाबी," त्या म्हणाल्या. "मांडवात एक तरी धड मानूस असू दे."